आपोआप

“कोणतं बटण दाबू, सूनबाई?”

“कोणतंच नाही, मामंजी. पेनड्राइव्ह नुसता खोचा.”

दृष्टी गेल्यापासून सासऱ्यांना काही ऐकायचं तर मला हाक मारावी लागे. तेच पुन्हा लावा म्हणायला मात्र ते लाजत. म्हणून मी लेकाचा जुना लॅपटॉप पुढ्यात घेतला. ना चित्रं, ना माऊसचा बाण. काळ्या पडद्यावर नुसते टाइप केलेले हुकूम. कित्येक दुपारी वाचत, चुकत त्याला एकच गोष्ट शिकवली: पेनड्राइव्ह आला की स्वतःच उघड आणि त्यातलं ऐकव.

मामंजींनी भजनांचा पेनड्राइव्ह बाजूला सारून दोऱ्याची गाठ असलेला चाचपून काढला. तो त्यांनी एकदाच लावायला सांगितला होता. आधी उलटा, मग सुलटा खोचला.

दिवा लुकलुकला आणि कुणीही हात न लावता, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सासूबाई खोलीत बोलू लागल्या. नणंदेला फोनवर कैरीचं लोणचं शिकवत होत्या.

“मीठ सढळ हातानं घाल हं!”

“घालतो,” मामंजी म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. माझी भाजी होईपर्यंत बाहेर चार वेळा लोणचं घालून झालं.