हात सोडवण्याची रीत

"हा काता म्हणजे नाच आहे, सर. छान नाच," प्रितम म्हणाला. "पण रस्त्यात कोणी धरलं तर?"

रहाटणीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये नागसेन सरांचा काता नुकताच संपला होता. काता म्हणजे कराटेतली ठरलेल्या हालचालींची लढाई. समोर शत्रू आहे असं धरून एकट्यानंच लढायची. सरांचे शत्रू फार शिस्तीचे. एका वेळी एकच येणार, ठरलेल्या बाजूनंच येणार, मार खाऊन निमूट बाजूला होणार. आणि बोलणार अजिबात नाहीत. बायको, कस्तुराबाई, गेल्यापासून सरांच्या घरी रोज येणारे तेवढेच.

प्रितम वाकडहून सेल्फ डिफेन्सचा क्लास काढायला आला होता. मार खायला सोबत रबरी पुतळा आणला होता. रविवारची सकाळ सरांच्या क्लासकडे ठेवायची की याला द्यायची, हे सेक्रेटरी मारुतराव आज ठरवणार होते. सरांना रविवार ओळखू यायचा तो या क्लासमुळे. बाकीचे वार सगळे सारखेच.

"धर," म्हणून सरांनी मनगट पुढे केलं.

प्रितमनं धरलं. सरांनी कात्यातली पहिलीच हालचाल केली. कंबर वळवली, हात त्याच्या अंगठ्याकडून काढला. सुटला. पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या.

"सांगून धरलं की सुटणारच," प्रितम म्हणाला. "मी शिकलेला, मी शिकल्यासारखंच धरणार. रस्त्यावरचा माणूस तुमचा काता पाठ करून येतो का?"

"मुद्दा आहे, राव," मारुतराव म्हणाले, आणि न शिकलेलं माणूस शोधू लागले. दारात समोरच्या बिल्डिंगमधल्या फरीदाभाभी नातीची चप्पल घेऊन उभ्या होत्या. "भाभी, या इकडं. सरांचा हात धरा. सुटला तर हॉल सरांचा."

भाभींनी एका हातात चप्पल तशीच ठेवली आणि दुसऱ्यानं मनगट धरलं, बाजारात पोराचं धरतात तसं.

"दुखलं तर सांगा हां, सर."

सरांनी कंबर वळवायला घेतली.

"या अल्ला, नुसती हाडंच लागतायत हाताला! जेवता का नाही हो वेळेवर?"

कंबर अर्ध्यात थांबली. कस्तुराबाईंनंतर हे मनगट फक्त डॉक्टरांनी धरलं होतं, आणि त्यांनीही नाडी सापडताच सोडून दिलं होतं.

"सोडवा ना सर," प्रितम म्हणाला.

"सर, अंगठा! अंगठ्याकडून!" सरांचीच पोरं ओरडली.

सरांना अंगठा दिसत होता. शिलाईच्या सुईनं टोचलेला, हळदीनं पिवळा. हाडं लागल्यापासून भाभींनी पकड इतकी सैल केली होती की सर नुसते शिंकले असते तरी सुटली असती.

"सुटत नाहीये," सर म्हणाले.

मारुतरावांनी मान हलवली. प्रितमनं पुतळा उचलून हॉलच्या मधोमध आणून ठेवला.

फरीदाभाभी ओशाळल्या. "माझ्यामुळं झालं हे सगळं. सोडू का, सर?"

"थांबा जरा," सर म्हणाले. "प्रयत्न करतोय."