दाब

कुर्डुवाडीजवळच्या गावातला तलाव तुडुंब भरला, तसा जमिनीखालच्या पाण्याचा दाब वाढत गेला. त्या दाबाने खोल भेगेतल्या खडकांची एकमेकांवरची पकड सैल होत होती आणि गावाला बारीक धक्के बसत होते.

सोलापुरात बसून हा दाब मोजणाऱ्या धम्मप्रियाला साहेबांनी बजावलं, “बाहेर बोलायचं नाही, लोक घाबरतील.” तिने गावी फक्त वडिलांना फोन केला.

“आबा, मोठा धक्का बसू शकतो. दोन दिवस मैदानातच राहा. कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल.”

“न्हाय सांगत, पोरी.”

दुपारी जमीन हादरली. आबांची सगळी गल्ली कोसळली, पण अकरा घरांतली माणसं मैदानात सुखरूप होती.



आबा बाराव्या घरी सांगायला गेले होते.