बारा दिव्यांची तक्रार

तिने पिशवीतून सौरदिवा काढला आणि दुकानाच्या टेबलावर आपटला.

"हा बारावा. पायरीजवळचा. याच्याच शेजारी माझे बाबा पडले, ते उठलेच नाहीत."

दिवेवाला खुर्चीतून उठला. त्याने दिवा उचलून उलटसुलट पाहिला. डोक्यावरची काळी काच लख्ख होती.

"काचा रोज पुसायचे बाबा," तो म्हणाला.

"पुसायचेच. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. तुम्हीच सांगितलं होतंत ना, धूळ बसली की ऊन आत जात नाही म्हणून? सत्त्याहत्तराव्या वर्षी तो माणूस वाकून वाकून बारा काचा पुसत होता, आणि संध्याकाळी अंधार तो अंधारच!"

दिवेवाल्याने काचेवर तळहात धरला. काच झाकली की दिव्याला रात्र झाल्यासारखं वाटतं आणि तो लागतो, असं गिऱ्हाइकांना दाखवतात. तिने दिवा त्याच्या हातातून ओढून घेतला.

"ही हातचलाखी दुसऱ्यांना दाखवा. दुकानात सगळ्यांचेच लागतात."

"ताई, मी तीनदा भरदुपारी दुकान बंद करून आलो. एकदा बॅटऱ्या बदलल्या. एकदा झाडाच्या सावलीतले काढून उन्हात रोवले. तिसऱ्यांदा बाराच्या बारा नवे दिले."

"म्हणजे तीनदा फसवलंत. आणि वर उपकार मोजताय?"

"मग एकदा संध्याकाळीही गेलो होतो. त्यानंतरच तुम्हाला फोन केला."

केला होता. तिला आठवत होतं. मीटिंगच्या दारात उभी होती ती. "ताई, बाबांना एकदा घेऊन..." एवढंच तो बोलला होता, आणि तिने त्याला तिथेच तोडलं होतं. "त्यांनी तुमच्या दुकानाचे उंबरे झिजवायचे नाहीत. माल तुमचा आहे, तुम्ही त्यांच्या दारात जा. आणि परत मला फोन करू नका." फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं होतं. बाबांच्या बाजूने कोणीतरी खमकं उभं राहायला हवंच होतं.

"मी त्यांना मंद पिवळे दाखवले होते," दिवेवाला हळू आवाजात म्हणाला. "शोभेला सगळे तेच नेतात. ते म्हणाले, तुझ्याकडचे सगळ्यात भगभगीत असतील ते दे."

"आणि तुम्ही सगळ्यात फुसके दिलेत."

तो काहीतरी बोलणार होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"आज संध्याकाळपर्यंत घरी थांबा," तो म्हणाला. "एकदा बघा."

"थांबणारच आहे. व्हिडिओ काढणार आहे. वकिलांना पुरावा हवाय."

घर सतरा दिवस बंद होतं; कुलूप लावतानाच तिने हा दिवा उपटून नेला होता. फाटकाचं कुलूप उघडून ती आत आली आणि बारावा दिवा पायरीच्या कडेला, त्याच्याच भोकात, घट्ट रोवला. मग चहा ठेवला.

आई गेल्यापासून ती महिन्याआड इथे यायची. सकाळी यायची, चारच्या गाडीने परत. पण फोन रोज. आणि रोज रात्री बाबांचं पहिलं वाक्य तेच: "आजही लागले नाहीत गं." असं म्हणून ते हसायचे. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

चहाच्या डब्याला एक रबरबँड लावलेलं होतं, साखरेच्या डब्याला दोन. पुडीचं रबरबँडसुद्धा फेकायचं नाही, ही बाबांची शिस्त. भिंतीवरचं कॅलेंडर तीन महिने मागे होतं. त्या मेल्या दिव्यांपायी पानं उलटायचंही भान राहिलं नाही त्यांना, असं तिच्या मनात आलं.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे जाताना भिंतीवर कमरेच्या उंचीचा मळकट पट्टा दिसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंगाला दीड वर्षही झालं नव्हतं. म्हणजे रंगाऱ्यानेही हात धुऊन घेतले. एकटा म्हातारा दिसला की कोणीही यावं, टोपी घालावी आणि जावं. याचंही नाव वकिलांना द्यायचं, असं तिने ठरवलं.

ऊन उतरलं तशी ती पायरीवर जाऊन बसली. समोर फाटकापर्यंत वाट होती, एका बाजूला कुंपणाची पांढरी भिंत, दुसऱ्या बाजूला बारा मुके दिवे. बोलायचं वाक्य तिने मनात घोळवून ठेवलं होतं. अंधारून आलं तेव्हा तिने मोबाइल समोर धरला.

"हे ते बारा दिवे," ती ठाम आवाजात म्हणाली. "विकणाऱ्याने तीनदा दुरुस्त केले म्हणून सांगितलं. आता तुम्हीच बघा..."

फाटकाजवळचा दिवा लागला.

मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा एकदमच. पांढरे, भगभगीत दिवे एकामागून एक लागत तिच्याकडे आले. बारावा तिच्या पावलाशी लागला तेव्हा तिला डोळे बारीक करावे लागले. सतरा दिवसांत इथे कोणी आलं नव्हतं. फाटकाची किल्ली तिच्याकडेच होती.

व्हिडिओ चालूच राहिला.

बाबांना एकदा घेऊन... कुठे, ते तिने ऐकूनच घेतलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणखी कुठे.

एवढ्या उजेडात कुंपणाची भिंत स्वच्छ दिसत होती. फाटकापासून निघालेला, कमरेच्या उंचीचा, तळहाताने घासून घासून मळलेला तोच पट्टा भिंतीवरून सरळ घराकडे आला होता. पायरीच्या दोन पावलं अलीकडे भिंत संपत होती.