उसना सुवास

वेंगुर्ल्याच्या बाजारात उर्मिलाने केसांत माळायचा सुरंगीच्या फुलांचा वळेसर घेतला आणि ओंजळीत धरून ती दवाखान्यात आली. वास येत होता, पण मन हलत नव्हतं. सुरंगीचा आनंद तिने गेल्या शिमग्यात नवऱ्याला उसना दिला होता.

बावीस वर्षांच्या दारूने नंदनचा मेंदू सुख ओळखायचंच विसरला होता. रोजच्या पुराला कंटाळून पेशींनी सुखाच्या रसायनाला दाद देणं सोडलं होतं. दारू सुटली, तरी लेकीचं हसूही त्याला कोरं वाटे. "त्यांच्या पेशी पुन्हा शिकेपर्यंत तुमचा एक आनंद त्यांना द्या," डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "लहानसा चालेल."

आज नंदनला तो परत करायचा होता.

"जसाच्या तसा मिळेल हं," दोघांच्या डोक्यावर यंत्राच्या टोप्या चढवत बाई म्हणाल्या.

नंदन लाजत म्हणाला, "शेजारची वाटी रिकामी परत करू नये म्हणतात. आई चिमूटभर साखर तरी घालायची."

यंत्र हलकेच गुणगुणलं. उर्मिलाने वळेसर नाकाशी धरला. मधाळ, ओळखीचा वास आत आत उतरत गेला. त्याच्या तळाशी मात्र काहीतरी नवं होतं. सकाळचं कोवळं ऊन, पायरीवर थरथरणारे दोन हात, आणि पाणंदीतून सुरंगी माळून येणारी एक बाई. ती दिसली की हात शांत होत होते.

किती सुंदर होती ती बाई! ती आपणच आहोत, हे कळायला उर्मिलाला क्षणभर वेळ लागला.