रंगाचं गिऱ्हाईक

त्या काळी कंपनीच्या एका रसायनापासून कापडाचा रंग होई, तसाच माणसं मारणारा वायूही. म्हणून ते परदेशी पाठवण्याआधी गिऱ्हाईक पारखून सही करणं हे निर्यातीच्या साहेबाचं काम होतं. आपल्या सहीने कुठेतरी माणसं मरतील, या धास्तीने त्याला कधी धड झोप लागत नसे.

"आज मात्र निवांत झोपणार बघ," जेवायला बसताना तो बायकोला म्हणाला. "दुपारीच पिंपं घेऊन बोट सुटली. रंगाचा कारखाना आहे, मी सगळं तपासलंय. माणूस इतका सालस, की भावात घासाघीससुद्धा नाही!"

"भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्याच्या नशिबी असं गिऱ्हाईक!" बायको हसली. ती औषधांच्या घाऊक दुकानात कामाला होती. "नाव काय कारखान्याचं?"

त्याने सांगितलं. तिचा वाढता हात थांबला.

"अहो, ते गेल्या आठवड्यात आमच्याकडून इंजेक्शनं घेऊन गेले."

"कसली?" त्याच्या हातातला घास तसाच राहिला.



"विषारी वायूवरच्या उताऱ्याची. म्हणाले, फार नकोत, आमच्या माणसांपुरतीच द्या."