वैलावरचं तपेलं

तोंडावरून वारं गेल्यापासून गेनूचा डावा गाल ढिला पडला होता. सनईमागं अखंड सूर धरायचा तर गालात हवा साठवून नाकानं श्वास ओढावा लागतो. त्याची हवा ओठांच्या कोपऱ्यातूनच निसटायची. "नळीनं पाण्यात फुंक. बुडबुडे तुटले न्हाईत तर चाकणच्या लग्नात सूर तुझा," सनई वाजवणारा थोरला भाऊ म्हणाला. "न्हाईतर पिंपरीला कारखाना बांधत्यात, तिथं घमेली उचल." गालाला वाफ लागावी म्हणून बायकोनं पाण्याचं तपेलं चुलीच्या वैलावर, बाजूच्या धगीवर ठेवलं. गेनूनं डोळे मिटून फुंक धरली. श्वास घेताना बुडबुडे तुटले. पुन्हा फुंकलं, पुन्हा तुटले. मग एकाएकी खळखळ लागली ती थांबेचना. नाकानं श्वास ओढला, तरी चालूच! मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायकोनं मान फिरवली. "दादा, सूर धरला!" म्हणत त्यानं नळी उपसली. पाणी खळखळतच राहिलं.