साहेबाच्या आजीचा शब्द

"याला उतरव," ट्रकच्या दाराशी उभा राहून मन्रोसाहेब ड्रायव्हरला म्हणाला. "हा आज हफ्रला जाणार नाही."

गाण्यात रंगलेला बाबाजी फिटर एकदम गप्प झाला. वेंगुर्ल्याचा हा बोलका माणूस, पण कुवेतची लढाई सुरू झाल्यापासून मूग गिळून बसला होता. त्याचा मुलगा पंकज हफ्र अल बातिनच्या कॅम्पात, सौदीच्या सरहद्दीच्या तोंडाशी. पंधरवडाभर पोराचा पत्ता नव्हता. काल निरोप आला की तो सुखरूप आहे, आणि आज इथून, अबकैकच्या कॅम्पातून पाइप घेऊन ट्रक तिकडेच निघालेला. बाबाजीने दाढी केली, अंडी उकडली, मिठाची पुडी बांधली आणि दशावतारातली चाल लावून पुढच्या सीटवर जाऊन बसला. आता अशा वेळी माणसाने गाऊ नये तर काय करावं?

"कित्याक? माजा काय चुकला?" त्याने कुमारला विचारलं. कुमार ड्रायव्हर सांगलीचा. या स्कॉटलंडच्या साहेबाचं इंग्रजी अख्ख्या कॅम्पात त्यालाच काय ते कळे.

कुमारने साहेबाचं ऐकून घेतलं आणि थोडा घुटमळला.

"साहेब म्हणतोय, त्याच्या आजीच्या जुन्या भाषेत एक शब्द आहे. फे. ज्याचं मरण ठरलंय तो फे. असा माणूस अचानक खुशीत येतो, गायला लागतो. लढाईत ढिगानं माणसं पडली, तर त्यांनाही हाच शब्द. म्हणजे पडल्यावर नव्हे, सकाळी हसत निघाली तेव्हाच ती फे होती म्हणे."

"अरे, पण माजो झील भेटतलो म्हणान गातंय मी. सांग त्यांका."

कुमारने सांगितलं. साहेबाने मान हलवली.

"कारण प्रत्येकाकडे असतंच," तो म्हणाला.

साहेबाचा बाबाजीवर जीव होता, म्हणून तर तो असा हटून बसला होता. बाबाजीलाही ते कळत होतं, त्यामुळे त्याला धड रागावताही येईना.

"बरा," तो शेवटी म्हणाला. "मगे त्यांकाच सांग, येवा माज्यावांगडा. लक्ष ठेवा माज्यार."

साहेबाने जरा विचार केला. मग हेल्मेट आणि गॅसचा मुखवटा घेऊन आला आणि दोघांच्या मध्ये चढून बसला.

सुरुवातीला तो बाबाजीकडे डॉक्टरसारखा निरखून बघत होता. बाबाजी मुद्दाम चेहरा पाडून बसला. मध्येच गुडघा धरून कण्हला. कुमारला हसू आवरेना. यंदा पाऊस बरा झाला होता, रस्त्याच्या कडेला वाळूवर हिरवी लव आली होती, आणि तिच्यातूनच रणगाडे चालले होते. बाबाजीने अंडी सोलली. साहेबाने मिठात बुडवून दोन खाल्ली, बोटं चाटली.

नाक्यावरच्या शिपायाने जा म्हणून हात केला. ट्रक पुढे निघाला आणि कोणीतरी गुणगुणायला लागलं. बाबाजी दचकला. आपण तर तोंड मिटून बसलोय. त्याने वळून पाहिलं. हेल्मेट काढून मांडीवर घेतलेलं, त्याच्यावर बोटांनी ताल धरलेला, नजर समोरच्या रस्त्यावर. साहेब गात होता. एवढ्या महिन्यांत त्याला असं कोणी पाहिलं नव्हतं.

इतका वेळ बाबाजी त्या शब्दाला मनातल्या मनात हसत आला होता. आता त्याने पुडीतलं उरलेलं मीठ मुठीत घेतलं, साहेबाच्या डोक्यावरून तीनदा ओवाळलं आणि खिडकीतून बाहेर टाकलं.

साहेब थांबला. काय झालं म्हणून त्याने कुमारकडे पाहिलं.

"काय नाय म्हणान सांग," बाबाजी म्हणाला. "आनि गात रवा म्हणावा."